ओ

जिल्हा कोर्टाच्या मागं, स्टॅम्पवाल्या भोईट्यांच्या टपरीला टेकून
माझं टेबल. मोडी वाचून मिळेल, पानाला ऐंशी रुपये.
गेली दोन वर्षं गर्दी बरी आहे.
ज्याला त्याला पणजोबा हवाय,
आणि पणजोबाच्या नावापुढं जातीचा एक शब्द.
सापडला की पणजोबाची झेरॉक्स निघते,
तो साक्षांकित होतो, फाईलला लागतो.
नाही सापडला तर लोक माझ्यावर चिडतात.

ती आली तेव्हा मी डबा खात होतो.
पासष्टीची, उन्हानं लाल झालेली नोरीन, टिपेरारीची.
दुभाषी म्हणून रिक्षावाला अस्लम,
त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच.
हातात कागद: कॉर्नेलियस ओ'हेफरनन.
खापरपणजोबाचा धाकटा भाऊ. ज्या साली
बटाटे जमिनीतच काळे पडले, त्या साली घरातून गेला.
सगळे समजत होते, अमेरिकेला.
तिथली जहाजं, तिथली थडगी तिनं नऊ वर्षं धुंडाळली.
मग एका पगारपत्रकात निघाला:
सातारा कॅम्प, नालबंद.

'दाखला कशासाठी हवाय?' मी सवयीनं विचारलं.
अस्लमनं ते कसं सांगितलं कोण जाणे.
ती म्हणाली,
त्याची आई मरेपर्यंत रात्री दाराला कडी घालत नव्हती.

कॅम्पातल्या जुन्या कबरस्तानात जाऊन आलो.
कर्नल होते, कर्नलांची तान्ही मुलं होती,
घाणेरीत रुतलेला, नाक उडालेला संगमरवरी देवदूत होता.
नालबंदासाठी दगड कोण घडवणार?

मग अकरा दिवस रुमाल सोडले, रुमाल बांधले.
धुळीनं अस्लम शिंकायचा, शिपाई पंखा बंद करायचा.
'ओ'त नाही, 'ह'त नाही.

मोडी लिहिणारा आधी रेघ ओढतो, मग तिला अक्षरं टांगत जातो,
टाक उचलत नाही, शब्दाशब्दांत फट ठेवत नाही.
विहिरीच्या तंट्याचा एक अर्ज मी दोनदा उलटला होता,
असेल कुणी नाना, म्हणून.
तिसऱ्यांदा तोंडानं वाचला
आणि रेकॉर्ड रूममध्ये एकटाच हसलो.
हेफरनन कसला,
आमच्या कारकुनानं त्याला हेफर नाना केला होता!

शके सतराशे अठ्ठ्याण्णव, साल दुष्काळाचं.
मामलेदारसाहेबांस अर्ज, अर्जदार
सखू कोम हेफर नाना, मयत नालबंद.
'घरधनी गेल्यापासोन शेजारी विहिरीस दोर लावू देत नाहीत.
छावणीच्या घोड्यांस पाणी मिळते, आम्हांस मिळत नाही.'
पुढं हुकूम असेल, तर ते पान उंदरांनी खाल्लंय.

कोम म्हणजे बायको, मी सांगितलं.
नोरीन खुर्चीत बसली.
तिच्या नऊ वर्षांत या बाईसाठी
एक रिकामा चौकोनही आखलेला नव्हता.

सहीच्या जागी सखूनं बांगडी उमटवली होती.
शाई एका बाजूला जरा पसरलेली.
नोरीननं त्या गोलावर बोट ठेवलं, टेकवलं नाही,
केसभर वर धरलं, आणि म्हणाली: 'ओ.'
तिच्याकडं ओ म्हणजे नातू. अमक्याचा नातू, तमक्याचा वंश.
पलटणीत भरती होताना तो गळून पडला होता.

मी म्हटलं, आमच्याकडं हाक मारली
की ओ देतात.
हे मात्र अस्लमनं नीट सांगितलं असावं,
कारण ती बराच वेळ काही बोलली नाही,
मग तो अर्ज पुन्हा वाच म्हणाली, मोठ्यानं.
शिपायानं डोळे वटारले. मी वाचला.

संध्याकाळी टपरी झाकताना भोईट्यांनी विचारलं,
'गावला का बाईंचा माणूस?'
त्याची सखू गावली, म्हटलं.
'मग पैसे?'
एकच पान होतं. ऐंशी.